शेवटी निघेल त्याने मेन कॉक बंद करावा

३ मार्च, सोमवार

एक स्टॉप आधीच उतरले आणि उरलेलं अंतर चालत गेले. सूनबाई पुढच्या स्टॉपला उतरली. तसंच ठरलं होतं! बसमध्ये ती पुढे, मी मागे. ऑफिसात ती मॅडम, मी काकू. ती माझी सून आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही. कल्पना तिचीच — "आई, नाहीतर लोक म्हणतील सासूला चिकटवली. तुमची मेहनत कुणाला दिसणारच नाही." मला एकदम पटलं. शिवाय असलं काहीतरी चोरून करायला मजा येते, हे चौपन्नाव्या वर्षी मी कुणाला सांगू? म्हणून इथे लिहिते.

मुलाखत मालकांनी घेतली, तिचा त्यात बोटभरही हात नव्हता. पण खरं कारण सांगितलं तरी लोक खोटंच धरून चालतात. जन्म गेला कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, मदतनीस म्हणून. परीक्षानळ्या धुवा, बर्नर लावा, बर्नर विझवा. कॉलेजने प्रयोगशाळाच बंद केली तेव्हा संध्याकाळचा क्लास लावला आणि संगणकावरचं टेस्टिंग शिकले. आता महिनाभर परीक्षा. महिनाअखेरीला ठेवून घेतील, नाहीतर नारळ देतील.

आत शिरले. लांब टेबलं, पांढरे दिवे, सगळे कानात इयरफोनची बोंडं घालून पडद्यात घुसलेले. कुणी मान वर केल्याचं दिसलं नाही. मॅडम तेवढ्या खुर्चीतून उठल्या. म्हटलं, आता ही बोलते की काय! पण नाही, टेबलावरची बाटली उचलून पाणी भरायला गेल्या. बाटली भरलेली होती. सकाळी मीच भरून दिली होती. घाबरली असेल बिचारी! मी बरी, मी नुसतीच दात काढत उभी होते.

४ मार्च, मंगळवार

शेजारी बसतो तो प्रोग्राम लिहिणारा. तिशीतला, एका लेकीचा बाप. काळा गॉगल डोळ्यांवर नाही, डोक्यावर! खोलीतसुद्धा! मी मनातल्या मनात त्याचं नाव गॉगल ठेवलं होतं, जेवणाच्या सुट्टीत तोंडून निघून गेलं. त्याला आवडलं म्हणे.

काम कळलं. कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी वेबसाइट करते — पेशंटने घरबसल्या वेळ घ्यायची. मी असा छोटा प्रोग्राम लिहायचा जो पेशंटसारखा वागेल. तो पान उघडेल, तक्रार लिहील, वेळ मागेल आणि वेळ मिळाली का ते बघेल. हीच टेस्ट. मिळाली तर हिरवी खूण, नाहीतर लाल.

माझ्या पहिल्या पेशंटची तक्रार मी लिहिली — "अक्कलदाढ येते आहे. वय चौपन्न." गॉगल इतका हसला की गॉगल डोक्यावरून पडला.

५ मार्च, बुधवार

लाल. लाल. लाल. लाल.

६ मार्च, गुरुवार

सापडलं!! दवाखान्याचं शटर उघडायच्या आधीच माझा पेशंट दारावर जाऊन धडकत होता! वेबसाइटची पानं देतो तो सर्व्हर — तो आधी सुरू करावा लागतो. तो सुरू केला की टेस्ट, टेस्ट झाली की सर्व्हर बंद. मी सुरू करत होते, पण त्याला डोळे चोळून उठायला वेळ लागतो आणि माझी टेस्ट लगेच पळत सुटायची. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

मग मी एक ओळ घातली — पाच सेकंद थांब. आणि हिरवी!! मी ओरडले. खरंच ओरडले, "हिरवी!" असं, बाजारात मिरची विकतात तसं. काचेच्या खोलीतून मॅडमनी पाहिलं. चेहरा कोरा करकरीत.

घरी आल्यावर म्हणाली, "आई, ऑफिसात ओरडू नका हो."

म्हटलं, "सॉरी, मॅडम."

आणि दोघी इतक्या हसलो की दूध उतू गेलं.

७ मार्च, शुक्रवार

दोन बोटांनी टाइप करते म्हणून कोपऱ्यातली एक मुलगी माझ्याकडे बघून गोड हसली. हसू दे. दोन बोटं तर दोन बोटं, दोन्ही माझीच आहेत!

१० मार्च, सोमवार

गुरुवारची हिरवी आज लाल. काही न बदलता! असं कसं? गॉगल म्हणाला, "काकू, आज मशीन मंद चाललंय. सर्व्हरला उठायला सात सेकंद लागले, तुम्ही पाचच थांबलात."

मग दहा करू? "मग ज्या दिवशी तो एका सेकंदात उठेल त्या दिवशी नऊ सेकंद नुसते हात चोळत बसाल. आणि टेस्ट शंभर होतील तेव्हा? मोजून थांबू नका. त्यालाच विचारत राहा."

म्हणजे दार वाजवायचं. उत्तर नाही आलं तर जरा दम धरायचा आणि परत वाजवायचं. उत्तर आलं की त्याच क्षणी कामाला लागायचं. बऱ्याच वेळा वाजवूनही उठत नसेल तर हात टेकायचे, आणि का टेकले ते स्पष्ट लिहायचं. अगं बाई, हे तर मी बारा वर्षं केलंय! चिरंजीवांना शाळेसाठी असंच उठवायची. आता तो जहाजावर आहे आणि म्हणे गजर न लावता पहाटे उठतो. उठवायला कुणी नाही म्हणून उठत असेल.

जेवायच्या सुट्टीआधी सगळ्या हिरव्या. या वेळी ओरडले नाही. टेबलाखाली पाय नाचवले.

१२ मार्च, बुधवार

आज दोनदा जीव जाता जाता राहिला!

एक — मॅडमचा पाय टेबलाच्या कोपऱ्याला आपटला आणि त्या कळवळून ओरडल्या, "आई गं!" माझ्या तोंडून "काय गं, लागलं का?" निघालंच होतं. "काय" बाहेर पडलं. उरलेलं गिळलं. गॉगलने विचारलं, "काय, काकू?" म्हटलं, "काय... किती वाजले?"

दोन — जेवताना. गॉगल माझ्या डब्यात डोकावून म्हणाला, "आज तुमच्याकडेही भेंडी? मॅडमकडेही भेंडीच आहे." म्हटलं, "स्वस्त झालीय बाजारात." तो म्हणाला, "कालही दोघींकडे दुधी होता." म्हटलं, "तोही स्वस्त." मॅडमना ठसका लागला.

उद्यापासून एकाच कढईतली भाजी, पण तिच्या डब्यात वरून कोथिंबीर.

१३ मार्च, गुरुवार

नवीनच भानगड. सर्व्हर सुरूच होईना! म्हणे दार आधीच अडवलेलं आहे. प्रत्येक सर्व्हर एका ठरावीक क्रमांकाच्या दारावर बसतो आणि एका दारावर एकच बसू शकतो. कोण बसलंय म्हणून बघितलं — माझाच कालचा सर्व्हर! बंदच झाला नव्हता!

त्याचं असं झालं. सुरू करायची ओळ वर, टेस्ट मध्ये, बंद करायची ओळ सगळ्यात खाली. टेस्ट मध्येच आपटली की प्रोग्राम तिथेच गार, खालच्या ओळीपर्यंत पोचणार कोण? पेशंट पळाला आणि दवाखाना उघडाच. कोपऱ्यातल्या त्या जुन्या मशीनवर, जिथे आम्हा सगळ्यांच्या टेस्ट चालतात, वेगवेगळ्या दारांवर असे माझे किती सर्व्हर उघडे पडले होते! बघून अंगावर काटा आला. प्रयोगशाळेत असं कुणी केलं असतं तर आमच्या विभागप्रमुखबाईंनी त्याला उभा सोलला असता. दारावर पाटीच होती — शेवटी निघेल त्याने मेन कॉक बंद करावा. प्रयोग फसो, नळी फुटो, कुणाला चक्कर येवो, गॅसचा कॉक बंद झालाच पाहिजे.

गॉगलने दाखवलं की टेस्टला असा एक कप्पा असतो, त्यात लिहिलेलं काहीही झालं तरी चालतंच, मध्ये आकाश कोसळलं तरी. मग मी त्या कप्प्यात माझा मेन कॉक बसवला. मोठ्या ऐटीत! ओळ अशी — या मशीनवर सर्व्हर म्हणून जे जे चालू असेल, ते ते सगळं बंद कर. एकही बर्नर राहायला नको.

१४ मार्च, शुक्रवार

कोपऱ्यातलं मशीन दुसऱ्यांनी अडवलं होतं, म्हणून सगळ्या टेस्ट माझ्या टेबलावरच्या मशीनवर लागोपाठ तीनदा चालवल्या. सगळ्या हिरव्या. शेवटी मशीन कसं शांत, धुऊन पालथ्या घातलेल्या नळ्यांसारखं. मी किती वेळ नुसती बघत बसले.

मॅडम मागून जाताना थांबल्या. म्हणाल्या, "छान, काकू." फक्त एवढंच. मी घरी येईपर्यंत ते दोन शब्द जिभेवर घोळवत होते.

१८ मार्च, मंगळवार

उद्या मोठं प्रात्यक्षिक. बऱ्याच दवाखान्यांची एक साखळी आहे, त्यांची माणसं बघायला येणार. त्यांनी घेतलं तर कंपनी तरली. सूनबाई आज संध्याकाळी घरी तालीम करत होती आणि दातांचे डॉक्टर मी! मी खुर्चीत रेलून, चष्मा नाकावर आणून विचारलं, "आणि पेशंट दात घरी विसरून आला तर?" ती इतकी हसली की पुढचं सगळं विसरली. मग म्हणाली, "आई, उद्या नीट झालं ना, तर..." मी तिच्या केसांना तेल लावून दिलं.

१९ मार्च, बुधवार

लिहवत नाही. पण लिहिते.

काचेच्या खोलीत पाहुणे बसले. मॅडमनी सुरुवात केली. मी बाहेर, माझ्या जागेवर, जीव मुठीत धरून. म्हटलं, आपण नुसतं बसून काय करायचं? आपलं काम करावं, तेवढंच तिला पाठबळ. सगळ्या टेस्ट चालवल्या, मेन कॉक बसवल्यापासून पहिल्यांदाच कोपऱ्यातल्या मशीनवर. सगळ्या हिरव्या. शेवटी माझा मेन कॉक बंद झाला.

आणि काचेपलीकडचा पडदा पांढरा झाला.

प्रात्यक्षिकाचा सर्व्हरही त्याच कोपऱ्यातल्या मशीनवर चालत होता. सुक्याबरोबर ओलंही जळालं. "सगळं बंद कर" म्हणून मीच तर सांगितलं होतं त्याला! मी उभी राहिले आणि सगळ्यांदेखत ओरडले, "अगं, मी—" पुढचं कुणी ऐकलं का माहीत नाही. मॅडम पाहुण्यांना म्हणाल्या, "एक मिनिट." मग दहा मिनिटं गेली. गॉगल, आणखी दोघं, सगळे त्या मशीनला चिकटले. सर्व्हर परत सुरू होईना. पाहुणे उठले. त्यांच्यातल्या एक वयस्कर डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी परत बघू. एकदाच."

नंतर सगळ्यांना बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "काकूंच्या प्रोग्रामने त्या मशीनवरचे सगळे सर्व्हर बंद केले." आवाज चढवला नाही. खोटंही काही नव्हतं त्यात. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही.

घरी ती म्हणाली, "आई, तुम्ही जेवून घ्या, मला भूक नाही." आणि दार लावून घेतलं.

आता जे मनात आहे ते लिहून टाकते. एकमेकींना ओळखायचं नाही, हे माझ्या मेहनतीसाठी होतं की तिला माझी लाज वाटते म्हणून? दोन बोटांनी टाइप करणारी, हिरवी म्हणून ओरडणारी सासू. नोकरी राहो न राहो. हे एक उत्तर मला हवं आहे आणि विचारायची छाती नाही.

२० मार्च, गुरुवार

गेले. राजीनामा मनात तयार करून गेले.

गॉगलने तोंड उघडू दिलं नाही. म्हणाला, "काकू, बंद तुम्ही केलंत, कबूल. पण परत सुरू होत नाही ते तुमच्यामुळे नाही. तो सर्व्हर इथून सोडून गेलेल्या एकाने दीड वर्षापूर्वी सुरू केला होता. तेव्हापासून तो बंद झालाच नाही. सुरू करताना त्याने हाताने काय काय टाइप केलं होतं, ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही!"

म्हणजे? दीड वर्ष चालू?

"चालतंय ना, मग हात लावू नका — हीच आमची पद्धत."

झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि मूठ उघडली तर आत काहीच नाही! समजा वीज गेली असती तर? ते मशीन म्हातारं होऊन मेलं असतं तर? बुधवारी नाही तर पुढे कधीतरी, दवाखान्यांमध्ये खरे पेशंट ताटकळत असताना, हेच झालं असतं. मी घाबरूनही हसले. काल रात्रीपासून पहिल्यांदाच.

तेवढ्यात मॅडम आपली खुर्ची ओढत आल्या आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसल्या. म्हणाल्या, "हे कधीच बंद करून बघितलं नाही, ही चूक माझी. आधी ते शिकू या. काकू, तुमची ती बंद करायची ओळ दाखवा." माझ्याशीच बोलत होत्या, पण बघत होत्या पडद्याकडे.

राजीनामा पोटातच राहिला.

२१ मार्च, शुक्रवार

तिघांनी मिळून उकरून काढलं! एकेक गोष्ट — कुठली फाइल लागते, कुठला परवलीचा शब्द, कोण आधी उठलं पाहिजे आणि कोण नंतर. हाताने टाइप करायचं काहीही ठेवलं नाही. आता एकच आज्ञा दिली की दवाखाना उघडतो आणि एकच आज्ञा दिली की बंद होतो.

गॉगल म्हणाला, "झालं!" मी म्हटलं, "कसलं झालं? एकदा सुरू झाला म्हणजे झालं? प्रयोगशाळेत तीन वाचनं एकसारखी आल्याशिवाय वहीत लिहू देत नाहीत." मग बंद केला, सुरू केला. बंद केला, सुरू केला. दुसऱ्या वेळी अडकला! बघा!! 'आत कुणीतरी आहे' असं सांगणारी एक जुनी कुलूप-फाइल मागे राहत होती. ती साफ केली. मग तीन वाचनं एकसारखी आली.

मॅडमनी हसू दाबलं. गालाला खळी पडते तिच्या, ती मला लांबूनही ओळखू येते.

२४ मार्च, सोमवार

माझा मेन कॉक मीच दुरुस्त केला. प्रयोगशाळेत मेन कॉक एकच होता आणि शेवटी निघणारी मी खरोखरच शेवटची असायची. इथे आजूबाजूला इतरांचे बर्नर चालू असतात! हे माझ्या टाळक्यात शिरायला एवढा घोळ व्हावा लागला.

आता माझी टेस्ट आपला सर्व्हर सुरू करते तेव्हा त्याचा बिल्ला लक्षात ठेवते. बंद करताना फक्त तोच बिल्ला असलेला. आधी शहाण्यासारखं सांगायचं, "आता आवर." वेळ द्यायचा. ऐकलंच नाही तर मग मान धरून. आणि दाराचा क्रमांकही मी ठरवत नाही, मशीनलाच विचारते — कुठलं दार मोकळं आहे, तिथे बसव. भांडणच नाही!

टेस्ट चालू असताना गॉगलनेही आपल्या टेस्ट चालवल्या. माझ्या हिरव्या, त्याच्या हिरव्या. कुणी कुणाला धक्का मारला नाही. एकाच ओट्यावर दोन बायका आणि भांडी पडण्याचा आवाज नाही, असं.

२५ मार्च, मंगळवार

चिरंजीवांचा जहाजावरून फोन. "आई, ऐकलं ते खरं का? तू तिचा सर्व्हर बंद केलास?" म्हटलं, "हो. आणि सुरूही केला." तो म्हणाला, "मग ठीक आहे. बाबा असते तर म्हणाले असते, हिला घरात दिवा चालू दिसला की हात शिवशिवतात." हसू आलं आणि डोळेही भरले. ते खरंच असंच म्हणाले असते.

उद्या बुधवार.

२६ मार्च, बुधवार

अगं अगं अगं!!!

पाहुणे आले. त्याच वयस्कर डॉक्टरबाई मधल्या खुर्चीत. मला कुणीही काहीही चालवायला बंदी घातली नव्हती, तरी मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. काचेचं दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गेल्या वेळी मध्येच बंद पडलं होतं. आज पडणार नाही याची खात्री?"

मॅडम म्हणाल्या, "नाही देत खात्री. बंद कधीतरी पडणारच. आज मी स्वतःच बंद करून दाखवते."

माझ्या शेजारी गॉगलने डोक्यावरचा गॉगल डोळ्यांवर ओढला! बघवेना म्हणून!

तिने एक आज्ञा दिली. पडदा पांढरा. मग दुसरी आज्ञा. मी मनात दार वाजवत होते — उठलास का? उठलास का? उठलास का? — आणि पान उघडलं! पहिल्या ओळीत माझाच पेशंट! "अक्कलदाढ येते आहे. वय चौपन्न."

डॉक्टरबाई आधी वाचत राहिल्या आणि मग अशा हसल्या की त्यांच्या माणसांनाही हसावं लागलं. म्हणाल्या, "हा पेशंट माझ्याकडे पाठवा." आणि पुढे, "दवाखान्यात रोज सकाळी सगळं सुरू करावं लागतं आणि रोज बंद. तुमच्या धंद्यात हे करून दाखवणारे तुम्ही पहिलेच."

घेतलं त्यांनी! घेतलं!!

मी ओरडले नाही. गॉगल ओरडला — "हिरवी!" मग सगळेच.

२८ मार्च, शुक्रवार

मालकांनी बोलावलं. कायम! म्हणाले, "निर्णय माझा आणि तुमच्या शेजाऱ्याचा. तुमच्या मॅडम यात नव्हत्या. तुमच्या घरचं नातं त्यांनी तुमच्या मुलाखतीच्या आधीच माझ्या कानावर घातलं होतं." मी थक्क. मला काही बोलली नाही ती!

बसमध्ये आज शेजारी शेजारी बसलो. म्हटलं, "आता लपवायचं कशाला? ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं? सोमवारी मी केक नेते आणि सगळ्यांना सांगते." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सांगा." एवढंच. आनंदाने की नाइलाजाने, कळेना. मी सुखाने फुटायची बाकी आहे, पण तो एक काटा अजून आहेच. उद्या विचारीन. नाहीतर परवा.

३० मार्च, रविवार

विचारलं नाही.

३१ मार्च, सोमवार

केक कापला. सगळे गोळा झाले. घसा साफ करून म्हटलं, "एक गुपित सांगायचंय. मॅडम माझी सून आहे."

कुणी दचकलं नाही. कुणी "काय सांगता!" म्हटलं नाही. गॉगल बशी पुढे करत म्हणाला, "ठाऊक आहे, काकू. पहिल्याच दिवशी कळलं सगळ्यांना."

"कसं? भेंडीवरून?"

"भेंडी नंतरची. तुम्ही दारातून आत आलात आणि मॅडम उभ्या राहिल्या. मालक आले तरी त्या कधी उठत नाहीत."

मी तिच्याकडे पाहिलं. ती घाईघाईने बाटली उचलून पाणी भरायला निघाली.

बाटली भरलेली होती.